रायझन ५ ५६००जी: कार्डाशिवाय फ्लेक्सचं काम पण होतं आणि भाच्याचे गेम पण, फक्त रॅम नीट घ्या

ग्राफिक्स कार्डचे भाव ऐकून ज्यांनी नवीन कॉम्प्युटर पुढं ढकललाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडं एएमडीचा रायझन ५ ५६००जी आहे, वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटातलंच व्हेगा ग्राफिक्स. तालुक्याच्या गावात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे आपलं, म्हणजे दिवसभर कोरल आणि फोटोशॉप, लग्नसराईत थोडंफार व्हिडिओ एडिटिंग, आणि संध्याकाळी शटर खाली आलं की भाचा त्याच मशीनवर गेम खेळत बसतो. वस्तू चांगली आहे, घ्या बिनधास्त. पण याच्यासोबत रॅम कोणती घ्यायची आणि कशी लावायची हे दुकानात कोणी धड सांगत नाही, आणि ५६००जी चा सगळा खेळ तिथंच आहे, त्यामुळं निम्म्यापेक्षा जास्त लिखाण रॅमवरच होणार, चालवून घ्या.

आधी पटकन वस्तूबद्दल. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, २०२१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. ग्राफिक्सचे सात कंप्युट युनिट, १९०० मेगाहर्ट्झ. डब्यात कूलर येतो, आवाज थोडा करतो पण काम भागतं. नावातला शेवटचा 'जी' बघून घ्या, नुसता ५६०० उचलला तर त्यात ग्राफिक्सच नाही, मॉनिटर काळाच राहणार. ५६००जीटी म्हणून एक २०२४ मध्ये आलाय, त्यात ग्राफिक्स हेच सात युनिटचं, सीपीयू तेवढा ४.६ पर्यंत जातो, दोघांतला जो स्वस्त पडेल तो घ्या, रात्रभर व्हिडिओ बघून तुलना करत बसण्याइतका फरक नाही.

आता मुद्द्याचं. कार्ड वेगळं असलं की त्याच्यावर त्याची स्वतःची मेमरी असते, जीडीडीआर६ वगैरे, कार्डावरच चिकटवलेली. ५६००जी मधल्या ग्राफिक्सकडं छोटीशी कॅशे (चिपमधलीच हाताशी ठेवायची जलद मेमरी) सोडली तर स्वतःचं असं काहीच नाही. टेक्स्चर, फ्रेम, बफर जे काय लागेल ते सगळं मदरबोर्डवरच्या त्याच रॅममध्ये, जिथं विंडोज, क्रोमचे पन्नास टॅब आणि फोटोशॉप आधीच ठाण मांडून बसलेत. गावाकडच्या माणसाला हे चटकन कळेल: सातबाऱ्यावर सामाईक विहीर आणि दोन भावांच्या दोन मोटारी. सीपीयूची मोटार थांबून थांबून चालते, ग्राफिक्सची मात्र एकदा गेम सुरू झाला की बंदच होत नाही. मग विहीर किती खोल आहे ते महत्त्वाचं आहेच, पण झरे किती आहेत ते त्याहून महत्त्वाचं, कारण झरा एकच असला तर खोल विहिरीवर पण दोन्ही मोटारी हवा ओढायला लागतात.

आकड्यात सांगतो. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो येतो. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर ड्युअल चॅनल चालू होतं आणि तोच आकडा ५१.२ होतो, सरळ दुप्पट. आणि हे सगळं ग्राफिक्सला मिळतं असं पण नाही, त्यातूनच सीपीयू पण घेणार. शेजारी ठेवून बघायचं तर जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या साध्या कार्डाच्या जीडीडीआर५ मॉडेलकडं एकट्यासाठी १२८ आहेत, १२ जीबीवाल्या आरटीएक्स ३०६० कडं ३६०. म्हणजे ५६००जी आधीच कमी खाऊन जगणारा गडी आहे, त्यात तुम्ही एकच स्टिक लावली म्हणजे त्याला उपाशीच ठेवलं.

आणि दुकानात नेमकं हेच करतात. माझं मशीन असेंबल करून आलं तेव्हा कोटेशनवर नुसतं '१६ जीबी रॅम' होतं आणि आत निघाली १६ ची एकच स्टिक. विचारलं तर म्हणाला 'दादा, पुढं वाढवायला स्लॉट मोकळा राहतो ना'. वेगळं कार्ड असलेल्या मशीनला हे उत्तर चालून जातं, इथं नाही चालत. दुकानाचं नाव काय लिहीत नाही, आणि एकाच दुकानाची ही सवय आहे असंही नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणणाऱ्या माझ्या मित्राला पण असंच एका स्टिकचं कोटेशन मिळालेलं. शेवटी ती स्टिक परत देऊन ८ च्या दोन घेतल्या, त्यासाठी थोडं तोंड वाजवावं लागलं ते वेगळं.

फरक काय पडला तर भाच्याने लगेच ओळखला, त्याला काही सांगितलंच नव्हतं. जीटीए ५ फुल एचडीला नॉर्मल सेटिंगवर एका स्टिकवर चाळिशीच्या आसपास रडत होता, गाडी जोरात वळवली की झटका, दोन स्टिकवर साठच्या घरात गेला, झटके पण गेले. व्हॅलोरंट लो वर दोन्हीकडं शंभराच्या वर जातो, पण एका स्टिकवर चार-पाच जण समोर आले की धपकन पडायचा. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच, रॅम एकूण १६ तीच. मला तर वाटतं ५६००जी बद्दल 'बेकार आहे, घेऊ नका' म्हणणाऱ्यातल्या निम्म्या लोकांच्या मशीनमध्ये एकच स्टिक असणार.

तपासायचं असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, मेमरीच्या टॅबमध्ये चॅनल दिसतं. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात स्टिक घालायच्या असतात, पहिल्या-दुसऱ्यात शेजारी शेजारी घातल्या तर दोन असून एकच चॅनल चालू राहतं, मॅन्युअलमध्ये चित्र असतं ते बघा. दुसरी गोष्ट एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं बायोसमधलं (मशीन चालू होताना उघडायच्या मदरबोर्डच्या सेटिंगमधलं) बटण. ३२०० किंवा ३६०० लिहिलेली बरीच रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय २४००, २६६६ अशी निवांत चालत राहते, तुम्ही पैसे ३६०० चे दिलेले. ५६००जी ला ३६०० ची रॅम आरामात झेपते, तेव्हा सेकंदाला ५७.६ जीबी मिळतात. त्याच्या वर जायला जमतं पण दोनशे मेगाहर्ट्झसाठी दोन हजार जास्त देण्यात मला तरी काय राम दिसत नाही.

आता बायोसमधली ती भानगड, यूएमए फ्रेम बफर साईज. ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी, ४ जीबी असे पर्याय असतात, काही बोर्डवर आणखी वर पण आहेत. बरेच जण सांगतात की हे ४ जीबी केलं की ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड झालं. तसं काय होत नाही हो. तुम्ही २ जीबी निवडलं की मशीन चालू होतानाच तेवढी रॅम कापून ग्राफिक्सच्या नावावर होते आणि विंडोजला ती दिसतच नाही, १६ जीबी लावून पण सिस्टीममध्ये १३.९ युजेबल लिहून येतं आणि लोक घाबरून दुकानदाराला फोन करतात की रॅम खराब दिली. खराब नाही, कापलेली आहे. वेग मात्र तोच, कारण ती कापलेली रॅम पण त्याच स्टिकमध्ये आहे, तिला वेगळा रस्ता थोडाच आहे.

त्याशिवाय विंडोज स्वतःहून, गरज पडेल तशी, उरलेल्या रॅमच्या निम्म्यापर्यंत ग्राफिक्सला वापरू देतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयू वर क्लिक करा, खाली डेडिकेटेड आणि शेअर्ड असे दोन वेगळे आकडे दिसतील. डेडिकेटेड म्हणजे बायोसमध्ये कापलेली, शेअर्ड म्हणजे ही उधारीची, काम झालं की परत. गेम चालू असताना डेडिकेटेड भरून शेअर्ड वर चढताना दिसलं तर काही बिघडलं असं समजू नका. वेगळं कार्ड असेल तर तिथं ते खरंच वाईट लक्षण असतं, इथं दोन्ही एकाच रॅममध्ये आहेत म्हणून फारसा धक्का बसत नाही.

मग ५१२ वरच ठेवायचं का? माझ्या दुकानाच्या कामाला हो. गेमसाठी २ जीबी करा, कारण काही गेम फक्त डेडिकेटेडचा आकडा बघतात आणि ५१२ दिसलं की टेक्स्चरचं सेटिंगच वर जाऊ देत नाहीत किंवा मेमरी कमी आहे म्हणून लाल पट्टी दाखवतात. ४ जीबी मात्र १६ च्या मशीनवर अजिबात नको, आणि का नको ते फ्लेक्सवाल्याला विचारा.

हिशोब करून दाखवतो. दादांच्या वाढदिवसाचा २० बाय १० फुटांचा फ्लेक्स. ७२ डीपीआयने फाईल केली तरी १७२८० बाय ८६४० पिक्सेल होतात, जवळपास १५ कोटी पिक्सेल. सीएमवायके म्हणजे छपाईचे चार रंग, पिक्सेलला ४ बाईट, म्हणून एक सपाट लेअर जवळजवळ ६०० एमबीचा. आता वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक लेअर कधी असतो का? मागं आभाळ, त्यावर सूर्यकिरण, मधे दादा, दादांच्या मागं मोठे साहेब, खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस पासपोर्ट फोटो, ज्यातला एक नेहमी व्हॉट्सअॅपवरून आलेला धूसर असतो आणि त्याचाच माणूस समोर उभा राहून 'माझा जरा मोठा घे' म्हणत असतो. लेअर अर्धे रिकामे असतात म्हणून सगळ्यांचं मिळून पार डोंगराएवढं होत नाही, तरी फोटोशॉप अनडू साठी जुन्या स्टेप धरून ठेवतं ते धरून ८-९ जीबी कधी गेली कळत नाही. त्यात तुम्ही ४ जीबी ग्राफिक्सच्या नावावर आधीच कापून ठेवली असेल तर विंडोजकडं राहिली बारा, त्यात क्रोम, त्यात कोरल, मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर (रॅम संपली की डिस्कवरची तात्पुरती जागा) उतरतं आणि ब्रश मागून येतो, माउस पुढं. त्या ४ जीबीचा फोटोशॉपला ग्राफिक्सकडून म्हणाल तर उपयोग थोडाच, झूम आणि पॅन मऊ होतात, काही फिल्टर जलद चालतात, ते ५१२ वर पण होतं कारण लागेल तसं शेअर्डमधून घेतं.

म्हणून माझ्या मते डिझाईनवाल्याने यात ३२ टाकावी, १६ च्या दोन. हे लिहायला सोपं आहे, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघून मलाच बोलवत नाही. पूर्वी 'कार्डाचे पैसे वाचवा, रॅमवर घाला' हा सल्ला डोळे झाकून देता यायचा, आता तेवढा स्वस्त राहिला नाही. तरी पण ८ च्या दोन ही खालची मर्यादा धरा, १६ ची एक 'सध्या घेतो, दुसरी पुढच्या दिवाळीला' असं करू नका.

व्हिडिओचं सांगायचं तर मोबाईल आणि कॅमेऱ्याचं साधं एच.२६४ फुटेज प्रीमियरमध्ये बरं चालतं, डिकोडिंग ग्राफिक्सच्या आतला वेगळा भाग करतो. रॅम सामाईक असण्याचा एक फायदा पण आहे जो कोणी सांगत नाही. वेगळ्या कार्डात प्रत्येक गोष्ट आधी रॅममध्ये येणार, मग पीसीआय स्लॉटच्या रस्त्याने कार्डाच्या मेमरीत कॉपी होणार, इथं दोघं एकाच जागी बसलेत, सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं असेल तर ती फेरी वाचते. ५६००जी वर हा फायदा फार जाणवत नाही कारण मूळ वेगच कमी, पण तत्त्व म्हणून सामाईक मेमरी वाईट नसते हे लक्षात घ्या. प्लेस्टेशन ५ मध्ये पण सीपीयू आणि ग्राफिक्सला मिळून एकच १६ जीबी आहे, फक्त ती जीडीडीआर६ आहे आणि सेकंदाला ४४८ जीबी देते. अॅपलने २०२० मध्ये एम१ काढला त्यातही तेच, एकच मेमरी दोघांना. एएमडीनेच आता रायझन एआय मॅक्स म्हणून काढलेत त्यात वरच्या मॉडेलला १२८ जीबी आणि २५६ जीबी प्रति सेकंद, त्यातली ९६ जीबीपर्यंत ग्राफिक्सला देता येते, किंमत ऐकून मी ते पान बंद केलं.

आणि हे काही आजचं नाही. इंटेलने १९९९ मध्ये ८१० चिपसेट आणला तो असाच सिस्टीमच्या रॅमवर जगायचा, सायबर कॅफेच्या काळातल्या लोकांनी त्याच्यावर गेम खेळून शिव्या दिल्या असतील. २००४ मध्ये एनव्हिडियाने टर्बोकॅश नावाची कार्डं काढली, कार्डावर मेमरी १६, ३२ नाहीतर ६४ एमबी आणि डब्यावर मोठ्या अक्षरात सपोर्ट १२८ किंवा २५६, उरलेली तुमच्या रॅममधून घ्यायची. त्या मानाने ५६००जी प्रामाणिक आहे, डब्यावर मेमरीचा कुठला आकडाच छापत नाही.

ज्यांच्या डोक्यात 'आत्ता हा घेतो, पुढं कार्ड टाकू' असं आहे त्यांनी हे नीट वाचा. ५६००जी चा पीसीआय, म्हणजे कार्डाच्या स्लॉटचा रस्ता, जुन्या ३.० पिढीचा आहे, बोर्ड ४.० चालवणारा बी५५० चा असला तरी. बहुतेक कार्डांना त्याने फारसं बिघडत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड घेऊ नका. ४ जीबी मेमरी, आणि स्लॉट लांब दिसला तरी आत त्या रस्त्याच्या फक्त ४ लेन जोडलेल्या. गेमला ४ जीबी कमी पडली की ते कार्ड पण रॅमकडं हात पसरतं, आणि पीसीआय ३.० च्या ४ लेनमधून सेकंदाला जेमतेम ४ जीबी येतात. म्हणजे गंमत बघा, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला रॅम ५१ च्या वेगाने मिळते आणि वरून पैसे देऊन घेतलेल्या कार्डाला उधारीची रॅम ४ च्या वेगाने. २०२२ मध्ये ते कार्ड आलं तेव्हा जुन्या बोर्डवर बसवणाऱ्यांची यावरून चांगलीच आरडाओरड झाली होती. पुढं कार्ड नक्की घेणारच असाल तर ५६००जी ऐवजी साधा ५६०० घ्या, त्याचा एल३ कॅशे ३२ एमबी आहे, जी चा १६, आणि पीसीआय ४.० आहे, पण तोपर्यंत डिस्प्लेसाठी कुठलं तरी जुनं कार्ड लागेल.

बाकी किरकोळ. थ्रीडीचं ब्लेंडर शिकणाऱ्यांनी त्यातल्या सायकल्स इंजिनचा रेंडर सीपीयूवरच लावा, सहा कोर त्यासाठी बरे आहेत, ग्राफिक्सचा उपयोग व्ह्यूपोर्ट फिरवण्यापुरता. उन्हाळ्यात पत्र्याच्या गाळ्यात असाल तर केसला मागचा फॅन हवाच, सीपीयू आणि ग्राफिक्स एकाच तुकड्यात तापतात. नवीन गेम, म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षातले मोठे, यावर खेळायची अपेक्षा ठेवू नका, ७२० ला लो करून चालतात ते बघायला बरं वाटत नाही. तसलं हवं असेल तर ८६००जी बघा, २०२४ चा, आठ युनिटचं नवं ग्राफिक्स आणि डीडीआर५, ६००० ची रॅम दोन स्टिकमध्ये लावली की ९६ जीबी प्रति सेकंद, पण बोर्ड नवा, रॅम नवी, बजेट हाताबाहेर.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो पीसीआय ३.० साठी.

शेवटचं एक, मॉनिटर मोठा घेणाऱ्यांसाठी. डिस्प्लेची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लागते, आणि स्वस्तातल्या काही जुन्या बोर्डवर एचडीएमआय १.४ असतं, त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं, माउस ओढल्यासारखा हलतो. लोक म्हणतात ग्राफिक्स कमी पडतंय. ४के ला ६० हर्ट्झने नुसतं चित्र दाखवायला सेकंदाला २ जीबी पुरतात, ५१ मधून तेवढे कुठंही निघतात. पोर्ट २.० आहे का ते बोर्ड घेतानाच डब्यावर वाचा, आणि बिल करताना '१६ जीबी' नाही, '८ × २' असं लिहून घ्या.